काचेची राखण

"मैने, तुझ्या शेळीचं तंगडं मोडून हातात देईन बघ! दावं कशाला घेतलंय गं, खुंटीला टांगून बघत बसायला?"

सकाळच्या पारी चंपाक्कानं असा आवाज लावला, की वस्तीतल्या बायका चुलीवरचा चहा तसाच टाकून दारात आल्या. येणारच. वाघोलीच्या त्या खाणीच्या काठावर टेकलेल्या पत्र्याच्या खोल्यांत दुसरी करमणूक ती कसली? एका अंगाला क्रशरची खडखड, दुसऱ्या अंगाला नगर रोडचे ट्रक, आणि मधी चंपाक्काचं तोंड. तिन्हींत ऐकण्यासारखं तेवढं एकच.

मैना तरी काय कमी? पदर खोचून ती पुढं आली. "माझी शेळी रातभर घरात बांधलेली हुती आक्का. माझ्या उशाला. तिच्या वासानं माझ्या नवऱ्याला, मुकादमाला, डोळ्याला डोळा लागला न्हाई, इचार त्येला!"

"मग काच काय आपनहून फुटली व्हय गं?"

"मला काय ठावं? तुझी काच, तुझी राखन. तूच इचार तिला."

बायका हसल्या. चंपाक्काला रडू यायच्या बेतात होतं, पण ती रडणाऱ्यातली नव्हे. तिनं काचेचे तुकडे पदरात गोळा केले आणि दाणदाण पाय आपटत घरात गेली.

आता ही काच कसली, ते सांगायला पाहिजे.

खराडीकडं कंप्युटरवाल्यांच्या उंचच उंच इमारती उठत होत्या आणि त्यांना खडी पुरत नव्हती. खाणमालकाला खाण आणखी खोल न्यायची होती. त्यासाठी कडा पक्का असल्याचा कॉलेजचा दाखला लागत होता. म्हणून पावसाच्या तोंडाला इंजिनियरिंग कॉलेजातल्या नीरजा मॅडम आल्या. पोरगेलशी बाई, पण कामाला वाघीण. दिवसभर खाणीत उतरून कडा हातोडीनं ठोकला, चिरांना पट्ट्या लावून मोजल्या, उन्हानं नाक सोलून घेतलं. काळ्या दगडाच्या दोन थरांमधी तांबड्या गेरूचा एक पट्टा होता, त्याच्यापुढं तर बराच वेळ उकिडव्या बसल्या. मग वर काठाला येऊन त्यांनी गवतात लपलेली एक चीर शोधली. चिरेच्या दोन्ही अंगांना सिमेंटचा एकेक गोळा थापला आणि दोन्ही गोळ्यांत रोवून मधी काचेची एक पातळ पट्टी बसवली.

खाणीचे सुपरवायझर श्यामराव. त्यांना मॅडमनी जीपजवळ उभं राहून नीट समजावलं होतं. "तो लाल थर पाण्यानं मऊ झाला, की वरचा सगळा दगड त्याच्यावरून घसरू शकतो. आधी ही चीर रुंदावेल. काच मुद्दाम पातळ लावलीय. केसभर जरी हललं तरी ती तडकेल. तडकली, की त्या मिनिटाला काम बंद, माणसं वर, आणि मला फोन."

"हो मॅडम. अगदी," श्यामराव म्हणाले.

चंपाक्का त्या वेळी मॅडमबरोबर आलेल्या कॉलेजच्या पोरापोरींसाठी हंडा भरून पाणी आणत होती. तिच्या कानावर यातलं काही आलं नाही. मॅडम गेल्यावर श्यामरावांनी तिला बोलावलं. हे गृहस्थ पुण्याच्या पेठेतले. शब्द असा जपून काढायचे, जसा काही घरून डब्यात मोजून आणलाय.

"बाई, तुम्हाला बसून खायचं काम देतोय. ही काच राखायची. पोरं, शेळ्या, कुणी जवळ येता कामा नये. फुटली तर उद्यापासून घरी."

"पर सायेब, ती कशापायी लावलीया?"

"ते कळून तुम्ही काय करणार? पेपर लिहिणार?"

एवढं बोलून ते गेले. मी म्हणतो, अजून दोन वाक्यं बोलला असता हा माणूस, तर जीभ झिजली असती का त्याची? पण नाही. काच फुटली की काम थांबणार, हे ज्या तोंडानं सांगायचं, त्या तोंडाला काम थांबायलाच नको होतं.

आणि चंपाक्काला ती राखण म्हणजे जीव की प्राण. तिचा नवरा धोंडिबा, सारी उमर खाणीत घालवून छाती दगडाच्या भुकटीनं भरून घेतलेला. चार पावलं चालला की धाप. लेक समाधान खाली ब्रेकरवर, म्हणजे दगडाला भोकं पाडायच्या यंत्रावर. नवंच लग्न झालेलं, सून शर्मिला दिवस गेले म्हणून माहेरी. दोघांच्या मजुरीवर घर उभं होतं. त्यामुळं चंपाक्का त्या काचेला तान्ह्या लेकरासारखी जपायची. रोज फडक्यानं पुसायची. भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं होतं तिनं.

तरीही आषाढात काच तडकली. चंपाक्काला वाटलं, नोकरी गेली! तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. घरात जाऊन समाधानच्या लग्नातल्या फोटोची फ्रेम उचकटली, त्यातली काच काढली, कोयत्याच्या टोकानं रेघ मारून पट्टी मोडली आणि वस्तीच्या मोरीचं उरलेलं सिमेंट कालवून बसवून टाकली. श्यामराव आठवड्यातून एकदा जीपमधूनच मान काढून बघायचे. अख्खी दिसली की मॅडमना फोन, "काच शाबूत आहे."

श्रावणाच्या शेवटाला पुन्हा तडकली. चंपाक्कानं पुन्हा बसवली, खिडकीची काढून. दोन पोरांना तिनं त्यापायी बदडलं, वस्तीत अबोले धरले. आणि आता ही तिसरी खेप. घरात काच म्हणून उरली नव्हती. चंपाक्का तुकडे पदरात घेऊन चुलीपुढं बसली ती बसलीच.

दिवस कलायला आला आणि दारात मैना. ही मैना खराडीच्या साइटवर झाडलोट करायला जायची. तोंडानं फटकळ, पण पोटात काही ठेवायची नाही. काखेत गोणपाटाची गुंडाळी होती.

"घे," ती म्हणाली. "रुसू नगं."

गुंडाळीत काचेचा लांबट तुकडा होता. हिरवट झाक मारणारा, भाकरीएवढा जाड.

"आगं बया! कुठनं आनलीस?"

"त्या कंप्युटरच्या बिल्डिंगीला लावत्यात की भिंतीभर. तुकडं टाकून देत्यात. वाचमनला सांगून आनला. आता माझी शेळी न्हाई, हत्ती नाचला त्याच्यावर तरी फुटायची न्हाई."

चंपाक्काच्या डोळ्यांत खळ्ळकन पाणी आलं. "मैने, सकाळी बोलले ते मनात धरू नगं गं."

"मनात धराया माझं मन काय गोदाम हाय? च्या टाक."

दोघींनी मिळून उजेड होता तोवर ती काच बसवली. सिमेंट घट्ट दाबलं. मैनेनं वरून मूठ आपटून बघितली. काच जागची हलली नाही. त्या रात्री चंपाक्का कित्येक दिवसांनी शांत झोपली.

मग परतीचा पाऊस आला. आला म्हणजे कसा? दुपारपर्यंत ऊन असं की पत्र्यावर पापड भाजावा, आणि चार वाजले की आभाळ फाटल्यागत. खाणीच्या कड्यावरून तांबडे ओघळ खाली यायला लागले. लोक म्हणायचे, माती धुऊन निघतीय, बरं झालं. खराडीला माल कमी पडत होता, श्यामराव दिवसातून दहादा घड्याळ बघत होते. काच मात्र खणखणीत. जीपमधून मान बाहेर काढून श्यामराव एकदा चक्क म्हणाले, "वा बाई, कामाच्या निघालात."

धम्मचक्र दिन तोंडावर आला होता. वस्तीतल्या बायका विहार धुवायच्या गडबडीत. चंपाक्कानं ठरवलं, आधी काच पुसू आणि मग झाडू घेऊन जाऊ. पाऊस रात्रभर पडून नुकता उघडला होता. ती फडकं घेऊन वाकली, आणि तिचा हात थांबला.

काच अख्खी होती. पण तिचं एक टोक सिमेंटच्या गोळ्यातून बाहेर आलं होतं. ज्या खाचेत ते रुतलेलं असायचं ती खाच रिकामी होती, आणि खाच नि काचेच्या मधी चंपाक्काचं बोट आरामात मावत होतं.

तिनं बोट घातलं. काढलं. पुन्हा घातलं.

तिला आधी वाटलं, कुणीतरी खेचली. पण खेचणार कसं? दुसऱ्या बाजूचा गोळा काचेला तसाच घट्ट धरून होता. काच जागेवर होती. जागेवर नव्हता तो गोळा. आणि गोळा तर दगडाला चिकटलेला. म्हणजे दगडच... तिनं पुढचं गवत उपटलं. दोन्ही हातांनी उपटत सुटली. चीर उघडी पडली. आता त्यात हात जात होता, कोपरापर्यंत, आणि आतून गार वारा लागत होता.

शेळी नव्हती. पोरं नव्हती. कुणीच नव्हतं. त्या तिन्ही खेपेला काच सांगत होती, आणि तिन्ही खेपेला आपण तिचं तोंड बंद केलं! तिनं काठावरून खाली बघितलं. कड्याच्या बरोब्बर पायथ्याला माणसं मुंग्यांसारखी कामाला लागली होती. समाधानचा पिवळा शर्ट तिला एवढ्या उंचावरूनही ओळखू आला.

ती पळत सुटली. चप्पल एकीकडं, फडकं एकीकडं. श्यामराव केबिनीत बसून फोनवर बोलत होते. तिनं त्यांच्या हातावरच हात मारला.

"सायेब, मानसं वर घ्या! कडा सुटलाय!"

श्यामरावांनी फोन ठेवला. खिडकीतून काठाकडं बघितलं. "काच तर दिसतेय मला."

"काच हाय, पर दगूड सरकलाय. बोट जातंय मधी. चिरंत हात जातोय माझा."

"काच शाबूत तर कडा शाबूत. इंजिनियर मॅडमचे शब्द आहेत. का आता आपण इंजिनियर झालात?"

"ती काच त्यांची न्हाई!" चंपाक्का ओरडली. "ती माझी हाय! पैली फुटली तवा म्या बदलली. दुसरी बी बदलली. तिसरी बी. ही चौथी हाय, जाडी, फुटायचीच न्हाई ती! मला काय ठावं, कशापायी लावलीया? तुमी सांगितलं व्हय मला?"

श्यामरावांचा चेहरा असा उतरला, जसा विहिरीत दोर सुटावा. क्षणभर वाटलं, हा माणूस आता उठेल, धावेल. तो उठला. दार लावून घेतलं.

"हे कुणाला बोललात?"

"न्हाई."

"बोलू नका. तुम्ही पण जाल, मी पण जाईन. दुपारपर्यंत खराडीचा माल निघू दे, मग मी स्वतः मॅडमना फोन करतो. चार तासांत काही होत नाही. इतके दिवस काही झालं का?"

"सायेब, माझं लेकरू हाय खाली."

"माझी नोकरी आहे. जा. पाणी प्या."

चंपाक्का बाहेर आली. उताराच्या रस्त्यानं खाली जाऊन एकेकाला सांगावं, तर ब्रेकरच्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार? आणि ऐकलं तरी बाईमाणसाच्या सांगण्यावर कोण मजुरी बुडवून वर येणार? तिची नजर केबिनीबाहेरच्या खांबावर गेली. हातानं फिरवायचा भोंगा होता तिथं. सुरुंग उडवायच्या आधी तो वाजायचा. भोंगा वाजला की हातातलं असेल ते टाकून वर पळायचं, विचारायचं नाही, ही रीत खाणीतल्या माणसाच्या हाडात मुरलेली. धोंडिबा धडधाकट होता तेव्हा भोंगा तोच फिरवायचा.

चंपाक्कानं दांडा दोन्ही हातांनी धरला आणि सगळं अंग घालून फिरवला.

भोंगा आधी कण्हला, मग असा उठला की क्रशरचा आवाज त्यात बुडून गेला. खाली ब्रेकर बंद पडले. पहारी, घण टाकून माणसं उतारावरून वर धावत सुटली. श्यामराव केबिनीतून ओरडत आले, तिचे हात ओढायला लागले. चंपाक्का त्यांच्या मनगटाला चावली, खरंच चावली, आणि फिरवत राहिली. शेवटचा माणूस वर येईपर्यंत तिनं दांडा सोडला नाही.

मुकादम उत्तरेश्वर, मैनेचा नवरा, धापा टाकत पुढं आला. "सुरुंग कुठं भरलाय? मला न सांगता कुनी भरला?"

"सुरुंग न्हाई भावजी. कडा सुटलाय. आत जाऊ नगा कुनी." आणि चंपाक्कानं सगळ्यांदेखत सगळं सांगितलं. काचा, फोटो, खिडकी, सगळं.

मग गलका उठला. कुणी कड्याकडं बघत होतं, कुणी चंपाक्काकडं. कडा तर रोजच्यासारखाच उभा.

"बाईचं डोकं फिरलंय," श्यामराव मनगट चोळत म्हणाले. "ज्याला काम करायचंय त्यानं खाली जावं. नसेल करायचं त्यानं सामान उचलावं. बाहेर रांग लागलीय माणसांची."

"शाबास रं समाधान!" गर्दीतनं कुणीतरी फिसकारलं. "आयला भोंग्यावर बशीवलंस, आता पाळन्यात घालून झोके दे म्हनावं."

हशा पिकला. समाधानचं तोंड लालबुंद झालं. लग्न होऊन वर्ष न झालेला गडी, चारचौघांत असं ऐकून घेणार होय?

"आये, घरला जा."

"तू चल माझ्यासंगं. पाया पडते तुझ्या."

"माझी लाज काढलीस तू. आता मुकाट जा." त्यानं तिचा हात झटकला. "ब्रेकर माझ्या नावावर हाय. मी आनतो वर, कंप्रेसर बंद करतो, मग बसा तुमी चर्चा करत. तुमी भ्या, मी न्हाई भीत."

"समाधान, थांब रं!" उत्तरेश्वर ओरडला.

पण तो उतारावरून निघालासुद्धा, मुद्दाम संथ चालीनं, मान ताठ ठेवून, सगळ्यांनी बघावं म्हणून. चंपाक्का मागं धावली ती चिखलात घसरून पडली. उठून बघते तो पिवळा शर्ट कड्याच्या सावलीत शिरत होता.

आवाज मोठा झालाच नाही आधी. कड्याच्या माथ्यावरनं मूठभर खडे टपटप पडले, बस्स. मग तांबडा पट्टा ओल्या भिंतीसारखा फुगला आणि त्याच्यावरचा काळा दगड सगळाच्या सगळा, उभाच्या उभा खाली बसला. मग आवाज. मग धूळ, एवढ्या ओलाव्यातही धूळ, आणि धुळीत कुणाला कुणी दिसेना.

"नावं घ्या रं! आपापलं नाव घ्या!" उत्तरेश्वर बोंबलत होता. तो एकेकाला हाक मारायला लागला, आणि धुळीतनं खोकत, रडत आवाज येत गेले. हाय. हाय मुकादम. हितं हाय.

"समाधान!"

कुणी बोललं नाही.

"समाधान! आरं ये समाधान!"

"हाय," चंपाक्का म्हणाली. "तितं हाय."

धूळ बसली. कड्याचा अर्धा भाग खाणीत ढीग होऊन पडला होता. उरलेला अर्धा वर होता, पण कसा? पायाखालचा गेरू निघून गेलेला, मधोमध नवी चीर, नुसता अधांतरी टेकलेला. त्यातून खडे गळत होते. मघाशी हसणारे गडी आता हंबरडा फोडत केबिनीमागच्या पहारी घेऊन उताराकडं धावले. ज्यानं पाळण्याचं काढलं होतं, तो सगळ्यांत पुढं.

चंपाक्का उताराच्या तोंडाला आडवी झाली.

"वैनी, सरा! जिता असंल तो! उकरून काढतो आमी!"

तिनं वर बघितलं. उरलेल्या कड्याकडं बघितलं. मग त्या माणसांकडं बघितलं. सगळ्यांच्या घरी चुली होत्या, बायका होत्या, दारात उभ्या असतील आता.

"न्हाई," ती म्हणाली.

"आगं, तुझं लेकरू हाय!"

"माझंच हाय. म्हनून म्या सांगते. वरचा पडंल. कुनी जायाचं न्हाई."

"आक्का!" मैना धावत येऊन तिच्या गळ्यात पडली. "आगं जाऊ दे त्यास्नी, जाऊ दे..."

"तुझा मुकादम बी जाईल मैने. मग म्या काय तोंड दावू तुला?" चंपाक्कानं तिचे हात गळ्यातून सोडवले. "म्याडमला बोलवा. बंबवाल्यास्नी बोलवा. त्ये सांगतील कुठनं जायाचं. तवर जायाचं न्हाई. जाशीला तर माझ्या अंगावरनं जा."

उत्तरेश्वरनं तिला उचलून बाजूला करायला हात घातला, आणि तो हात तसाच राहिला. तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मागं श्यामराव केबिनीत फोनवर मॅडमना काहीतरी सांगत होते, आवाज चिरकत होता, शब्द जुळत नव्हते.

तेवढ्यात वस्तीकडनं धोंडिबा आला. भोंगा ऐकून निघालेला माणूस, एवढं अंतर यायला त्याला एवढा वेळ लागला होता. छातीवर हात, तोंड उघडं. माणसांनी त्याला वाट करून दिली.

"समाधान कुटं हाय?" त्यानं विचारलं.

त्यानं ढीग बघितला. वरचा कडा बघितला. सारी उमर त्याच दगडाखाली गेलेली. मग उताराच्या तोंडाला चिखलात आडवी पडलेली बायको बघितली.

"हाक मारली?" तो म्हणाला.

"लई."

"ओ दिली?"

चंपाक्कानं नकारार्थी मान हलवली.

धोंडिबाला धाप आवरेना. तो गुडघ्यावर हात टेकत हळूहळू वाकला आणि चिखलात तिच्या शेजारी पाय पसरून बसला, उरलेली वाट अडवून. तिनं त्याचा हात धरला. वरून खडे गळत होते. माणसं पहारी धरून उभी होती, आणि वरचा कडा काही पडत नव्हता. मॅडमची गाडी यायला दुपार टळून गेली. तोवर कडा उभाच होता, आणि तोवर ती दोघं जागची उठली नाहीत.